सलग सात दिवस समुद्रात: अटलांटिक ओलांडतानाचा माझा अनुभव

गेल्या नोव्हेंबरात मी आणि माझे पती बार्सिलोनाहून निघून फ्लोरिडातील फोर्ट लॉडरडेल येथे क्रूझने पोहोचलो. उन्हाळाभर भूमध्य समुद्रात फिरणारी अनेक जहाजे थंडी सुरू होताना कॅरिबियनकडे नेली जातात आणि वसंत ऋतूत परत आणली जातात. अशाच एका फेरीत आम्ही जागा घेतली होती. स्पेनमधील मालागा आणि अटलांटिकमधील पोर्तुगालच्या मदेइरा बेटावरील फुंशाल ही दोन बंदरे मागे पडल्यावर जवळपास सव्वातीन हजार सागरी मैल (सुमारे सहा हजार किलोमीटर) केवळ पाणी होते आणि ते ओलांडायला सात दिवस लागणार होते. आरक्षण करताना माझे सारे लक्ष बंदरांवर होते. या सात दिवसांचा विचार मी फारसा केला नाही, आणि पुढे जे काही चुकले त्याचे मूळ त्यातच होते.

पहिली चूक केबिनच्या निवडीत झाली. समोरचा समुद्र दिसावा म्हणून मी वरच्या मजल्यावरची, जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाकडची केबिन घेतली. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात आणि त्यांमुळे जहाजाचे डावी-उजवीकडे डोलणे बरेच कमी होते. मात्र लाटांवर नाळ, म्हणजे जहाजाचे पुढचे टोक, वर उचलली जाऊन पुन्हा खाली जाते, त्या हालचालीवर त्यांचा फारसा उपयोग होत नाही, आणि ती हालचाल सर्वात जास्त जाणवते ती दोन्ही टोकांना. फुंशाल सोडल्यावर त्याच रात्री उत्तरेकडून लांबच लांब लाटा येऊ लागल्या. आमच्या भोवती वारा बेताचाच होता. शेकडो मैल दूरच्या वादळाने उठवलेल्या त्या लाटा होत्या, आणि वादळ शमल्यावरही अशा लाटा कित्येक दिवस प्रवास करत राहतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पहाटेपर्यंत माझ्या पतींना बोट लागली.

पुढचे दीड दिवस आम्ही जे शिकलो ते आधी माहीत असते तर बराच त्रास वाचला असता. बोट लागण्यावरचे औषध मळमळ सुरू होण्यापूर्वी घेतले तर चांगले लागू पडते; आम्ही उशीर केला होता. दवाखान्यातील परिचारिकेने गोळी दिली, त्या गोळीने झोप येईल असे बजावले आणि केबिनमध्ये पडून राहण्याऐवजी जहाजाच्या मध्यभागी, शक्य तितक्या खालच्या उघड्या डेकवर जाऊन क्षितिजाकडे पाहत बसण्यास सांगितले. आतला कान हालचाल सांगत असतो आणि भिंतीवर खिळलेली नजर स्थिरता सांगत असते. या विसंगतीने मळमळ होते आणि क्षितिज पाहिले की दोन्हींचा मेळ बसतो. कोरडी बिस्किटे, थोडे आले आणि क्षितिज यांवर तो दिवस निघाला. दुसऱ्या दिवशी दुपारी माझे पती स्वतःहून जेवायला निघाले, तेव्हा मला जे हायसे वाटले ते शब्दांत सांगणे कठीण आहे.

दवाखान्याविषयी येथेच सांगते, कारण सागरी दिवसांच्या तयारीत मी याला सर्वाधिक महत्त्व देईन. जहाजावर डॉक्टर असतात, तातडीचे उपचार होतात. परंतु महासागराच्या मध्यावर हेलिकॉप्टरही पोहोचू शकत नाही, त्यामुळे गंभीर आजारी माणसाला मोठ्या रुग्णालयात नेण्यासाठी जहाज किनाऱ्याच्या टप्प्यात येईपर्यंत थांबावे लागते. म्हणून नेहमीच्या गोळ्या गरजेपेक्षा आठवडाभराच्या जास्त घ्याव्यात, त्या हातातल्या पिशवीत ठेवाव्यात, आणि वैद्यकीय विम्यात जहाजावरील उपचार व रुग्णाला हलवण्याचा खर्च धरला आहे का, हे शब्द न् शब्द वाचून पाहावे. हात साबणाने धुवावेत. जहाजांवर पसरणाऱ्या, उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसवर केवळ सॅनिटायझर पुरेसा प्रभावी ठरत नाही. निघण्यापूर्वी होणारी सुरक्षा कवायतही मन लावून करावी. सात आखूड आणि एक लांब भोंगा हा आपत्कालीन इशारा आणि आपले जमण्याचे ठिकाण या दोन गोष्टी मी त्या दिवशी पाठ केल्या.

घड्याळाचा अनुभव मात्र अतिशय सुखाचा होता. फुंशाल आणि फ्लोरिडा यांच्या वेळेत हिवाळ्यात पाच तासांचा फरक असतो. पंधरा रेखांशांमागे एक तास हे शाळेत शिकलेले गणित तिथे अंगावर येते: सुमारे वीस नॉटच्या (ताशी वीस सागरी मैलांच्या) वेगाने, त्या अक्षांशांवर, जहाज दिवसाला नऊ-साडेनऊ रेखांश पार करते, म्हणून रोज नाही पण सातांपैकी पाच रात्री घड्याळ एक तास मागे घ्यायचे होते. पंचवीस तासांचा दिवस पाच वेळा लाभला आणि विमानाने जाताना होणारी झोपेची ओढाताण अजिबात झाली नाही. उलट दिशेने येणाऱ्यांना हाच तास दर वेळी गमवावा लागतो. आम्हाला वाढणाऱ्या एका कर्मचाऱ्याने सांगितले की वसंतातल्या त्या फेरीत झोप पुरत नाही, सगळेच थकून जातात. दिशा निवडण्याची मुभा असेल तर पहिल्या सफरीसाठी पूर्वेकडून पश्चिमेकडे जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिल्या तीन दिवसांत मी दिनक्रमाच्या छापील पत्रकावर खुणा करून व्याख्यान, नृत्यवर्ग, प्रश्नमंजूषा, संगीत अशी धावत होते. चौथ्या दिवशी मी पत्रक उघडलेच नाही. त्या सकाळी डेकवर आले तेव्हा वारा जणू थांबला होता. प्रत्यक्षात तो ईशान्येकडून येणारा व्यापारी वारा, म्हणजे या पट्ट्यात सतत एकाच दिशेने वाहणारा वारा होता, आमच्या पाठीमागून जवळजवळ आमच्याच वेगाने वाहत होता, म्हणून जहाजावर हवा स्तब्ध आणि दमट वाटत होती, आणि पाण्यावर मात्र सर्वत्र पांढरे तुरे होते. याच वाऱ्यांच्या आधाराने कोलंबस 6 सप्टेंबर 1492 रोजी कॅनरी बेटांतून निघाला आणि 12 ऑक्टोबरला बहामा बेटांत पोहोचला, छत्तीस दिवस. आपल्याला सात दिवस लांब वाटतात, हे तिथे उभे राहून आठवले की मन आपोआप शांत होते.

त्यानंतर मी समुद्र पाहायला शिकले. तीस मीटर उंचीवरच्या डेकवरून क्षितिज सुमारे वीस किलोमीटरवर असते, आणि त्या संपूर्ण वर्तुळात आम्हाला दिवसेंदिवस एकही जहाज दिसले नाही. पाण्याचा रंग किनाऱ्याजवळच्या हिरवटपणापासून पूर्ण वेगळा, गडद निळा होता, कारण तिथे सूक्ष्म जीव फार कमी असतात. अटलांटिकमधल्या, तरंगत्या शेवाळासाठी ओळखल्या जाणाऱ्या सारगॅसो समुद्राच्या पट्ट्यात सोनेरी-तपकिरी शेवाळाच्या लांब रांगा वाऱ्याच्या दिशेने पसरलेल्या दिसू लागल्या, आणि नाळेजवळून उडणारे मासे थव्याने निघून पाण्याला स्पर्शही न करता बरेच अंतर जाऊ लागले. दुपारी बारा वाजता कप्तान स्थान, वारा आणि खोली सांगत. मी ती वहीत लिहून ठेवत असे. पाच हजार मीटरहून अधिक असलेली खोली मध्य अटलांटिक पर्वतरांगेवरून जाताना जवळजवळ निम्म्यावर आली, तेव्हा पायाखालून एक अख्खी पर्वतरांग सरकते आहे, या कल्पनेने मी बराच वेळ कठड्याशी उभी राहिले. रात्री ब्रिजवरील (जहाज चालवण्याच्या कक्षातील) अधिकाऱ्यांना नीट दिसावे म्हणून पुढच्या भागातले दिवे मालवतात, त्यामुळे तिथून तारे सर्वात चांगले दिसतात. ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची आपल्या अक्षांशाइतकी असते. बार्सिलोनाजवळ एकेचाळीस अंशांवर असलेला तो तारा शेवटच्या रात्री सव्वीस अंशांपर्यंत खाली आला होता.

उपग्रहाद्वारे मिळणारे इंटरनेट आमच्या जहाजावर संथ आणि खर्चिक होते. वाचायचे ते आधीच उतरवून ठेवल्याचा उपयोग झाला. उघड्या डेकसाठी एक उबदार जाकीट आणि न घसरणारे बूट लागतात.

सहाव्या रात्री पुन्हा लाटा वाढल्या, परंतु या वेळी औषध संध्याकाळीच घेतले होते आणि केबिनमध्ये जाण्याऐवजी आम्ही मधल्या मजल्यावरच्या सोफ्यांवर मध्यरात्रीपर्यंत वाचत बसलो. सातव्या संध्याकाळी बहामाच्या बाजूने एका दीपस्तंभाचा प्रकाश ठरावीक अंतराने दिसू लागला. डेकवर शंभरेक माणसे जमली होती, आणि कोणी फारसे बोलत नव्हते. दुसऱ्या दिवशी जमिनीवर उतरल्यावर विमानतळाची फरशी मला जहाजासारखीच हेलकावत असल्याचे जाणवत होते. डोळे मिटले की तोल जाई, म्हणून अंघोळ करताना भिंतीला हात लावून उभी राहत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तेव्हा पलंग स्थिर होता.