कोत ते कॅश काउंटर

सतरा वर्षं फौजेत काढून २०२० ला पेन्शनवर घरी आलो तेव्हा कोरेगावच्या स्टँडवर जो भेटेल तो एकच विचारायचा, आता कुठं लागणार, एटीएमवर का बँकेच्या दारात बाराबोर घेऊन? त्या कामात वाईट काही नाही. माझा चुलता रिटायर झाल्यावर बँकेतच गार्ड होता आणि त्या पगारावर त्याची दोन्ही पोरं शिकली. पण दाराच्या आत, काउंटरवरची जागापण आपल्यासाठी राखीव असते हे आमच्याकडच्या कित्येक जवानांना माहीतच नसतं, मलापण नव्हतं, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ओळखपत्र काढायला गेलो तेव्हा तिथल्या एका सुभेदार साहेबांनी बसवून सगळं सांगितलं.

तर ज्यांचं डिस्चार्ज जवळ आलंय त्यांच्यासाठी आधी हे लिहितो. सरकारी बँकांत क्लार्कच्या जागांमधे माजी सैनिकांना १४.५ टक्के आरक्षण आहे (यात ४.५ टक्के युद्धात जखमी झालेले आणि शहीदांच्या घरचे यांच्यासाठी), शिपाई वर्गात २४.५ टक्के. सिव्हिलच्या पोरांना वयाची अट २८, आपल्याला जितकी नोकरी झाली ती वर्षं अधिक ३, फक्त पन्नाशीच्या आत पाहिजे. ग्रॅज्युएट नसलात तरी दहावी पास आणि १५ वर्षं नोकरी आणि फौजेचं शिक्षणाचं सर्टिफिकेट असेल तर क्लार्कला चालतं. मी इग्नूतून बीए केलं होतं, पोस्टिंग बदलत बदलत सहा वर्षं लागली, पण झालं.

परीक्षा आयबीपीएसची, म्हणजे सरकारी बँकांसाठी भरती परीक्षा घेणाऱ्या संस्थेची. प्रिलिम्सला, म्हणजे पहिल्या टप्प्याला, १०० प्रश्न ६० मिनिटांत, प्रत्येक विषयाला २० मिनिटं, आणि चुकलं की पाव मार्क कापतात. गणित रिझनिंग सरावाने जमलं, इंग्रजीने रडवलं. लॉकडाऊन होता, क्लास सगळे बंद, मग पुतण्या जो बारावीला होता तो आणि मी एकाच टेबलावर बसायचो, तो त्याची फिजिक्सची गणितं करायचा आणि मी मोबाईलवर घड्याळ लावून प्रश्न सोडवायचो, आणि आई दर तासाला चहा ठेवून जायची. पहिल्याच वेळी निघालो. वाटलं आता सातारा नाहीतर फार तर पुणे मिळंल, ऑर्डर आली हिंगोली जिल्ह्याची. अर्ज राज्यासाठी असतो, राज्यात कुठंही टाकतात. बायको काही बोलली नाही, नुसती ऑर्डर वाचून फ्रिजवर ठेवली. सतरा वर्षं तिने एकटीने घर ओढलं होतं आणि आता परत बॅग भरायची म्हणजे काय ते मला तिच्या गप्प बसण्यातच कळलं. यावेळी मात्र सगळे मिळून गेलो, पोराची शाळा बदलली, हे मी आयुष्यात केलेलं सगळ्यात बरोबर काम असं मला आजपण वाटतं.

बँकेत पहिल्या दिवशी काय वेगळं वाटलं सांगू? कुणाच्या खांद्यावर काही नाही. फौजेत समोरचा माणूस दिसला की त्याच्याशी कसं बोलायचं ते त्याच्या फित्यांवरून ठरतं. इथं माझा ऑफिसर सव्वीस वर्षांचा, मला काका म्हणावं का सर म्हणावं हे त्याला कळेना आणि मी त्याला बघून सावधान व्हायचो, तो अवघडायचा. आठवड्याभराने त्यानेच सांगितलं दादा तुम्ही बसूनच बोला, तेव्हापासून मी दादा आणि तो सर, आणि आमचं चांगलं जमलं.

काम मात्र ओळखीचं निघालं. मी युनिटमधे दोन वर्षं कोत एनसीओ होतो. कोत म्हणजे हत्यारं ठेवायची खोली, आणि तिचा हिशोब ज्या हवालदार-नाईकाकडे असतो तो कोत एनसीओ. सकाळ संध्याकाळ गिनती, प्रत्येक रायफल बट नंबरने, कुणी नेली कुणी आणली रजिस्टरवर सही, एक जरी कमी असली तरी कुणी झोपत नाही. बँकेत तेच, फक्त रायफलच्या जागी नोटा. १०० नोटांचं पॅकेट, १० पॅकेटचा बंडल, तिजोरीला दोन चाव्या दोन माणसांकडे, एकट्याला उघडता येत नाही, संध्याकाळी सिस्टीममधला आकडा आणि हातातली कॅश जुळल्याशिवाय शटर खाली येत नाही. लोक म्हणतात फौजी माणूस शिस्तीचा म्हणून बँकेत चालतो. माझं मत वेगळंय. शिस्त सगळीकडेच लागते, आपल्याला जे खरं उपयोगी पडतं ते म्हणजे दुसऱ्याची वस्तू मोजून घ्यायची, मोजून द्यायची आणि सही केली की ती आपली जबाबदारी, ही सवय.

तरीपण दुसऱ्याच महिन्यात ५,००० ची शॉर्टेज आली. हळदीचा सिझन होता, वसमतच्या मार्केटला हळद घालून शेतकरी थेट शाखेत यायचे, बारा वाजेपर्यंत रांग दाराबाहेर, नोटांना हळदीचा वास. संध्याकाळी पाच हजार कमी. साडेआठपर्यंत एकेक व्हाउचर काढून बघितलं, तो सव्वीस वर्षांचा सर माझ्यासोबत खाली बसून बघत होता, त्याची घरी जायची एसटी चुकली. नाही सापडले. कॅशियरची शॉर्टेज कॅशियरने भरायची असते, मी भरली. रात्री झोप आली नाही, पैशापेक्षा मोजणीत मी चुकलो याची. दुसऱ्या दिवशी हेड कॅशियर मॅडमनी एवढंच सांगितलं, मोजताना कुणी काही विचारलं तर मान वर करायची नाही, मोजून झाल्यावर बोलायचं. तेव्हापासून तेच करतो आणि त्यानंतर पैसा कमी पडला नाही.

पण ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ती गोष्ट वेगळी आहे.

गेल्याच्या गेल्या नोव्हेंबरात एक आजी आल्या, ऐंशीला टेकलेल्या, सोबत नात. नवरा फौजेत होता, वारून बरीच वर्षं झाली. फॅमिली पेन्शन तीन महिन्यांपासून बंद. आधी पेन्शन बँकच काढायची, नोव्हेंबरात शाखेत येऊन हयातीचा दाखला दिला की झालं. आता डिफेन्सची पेन्शन स्पर्श या सिस्टीममधून प्रयागराजवरून येते आणि हयातीची नोंद तिथं व्हावी लागते. आजींची होत नव्हती कारण नवऱ्याच्या कागदात त्यांचं नाव एक आणि आधारवर दुसरं. आपल्याकडं लग्नात नाव बदलायची पद्धत, नवऱ्याने भरती झाल्यावर माहेरचं नाव लिहून दिलेलं, गावात मात्र सगळे सासरच्या नावाने ओळखतात. या भागात फौजी घरं कमी, आमच्याकडं दर दोन घरांआड कुणीतरी सांगणारा असतो, इथं त्या बाईला सांगणारं कुणी नव्हतं. तीन ठिकाणी फिरून आल्या होत्या, सगळीकडं ऐकलं की इथलं काम नाही. आणि खरं बघायला गेलं तर ते माझ्या काउंटरचं पण काम नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत त्यांचे कागद घेऊन बसलो. पिशवीत प्लास्टिकमधे गुंडाळलेलं डिस्चार्ज बुक होतं, कडा खाल्लेलं, ते हातात घेतल्यावर मला दोन मिनिटं काही बोलता आलं नाही. मग दोन्ही नावं एकाच बाईची असं ॲफिडेविट, सरपंचाचा दाखला, सैनिक कल्याण कार्यालयाचं पत्र आणि रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या फौजेच्या ऑफिसला अर्ज, सगळं करायला चार शनिवार गेले, आणि नंतर वाट बघणं. मे महिन्यात थकबाकीसकट पैसे जमा झाले. आजी पासबुक भरून घ्यायला आल्या, मशीनमधून निघालेली ओळ नातीला वाचायला लावली, परत एकदा वाचायला लावली, आणि मला म्हणाल्या, बाबा, तू त्यांच्याच पलटणीचा का रं?

मी हो म्हणालो. त्यांच्या पलटणीचा नव्हतो.

म्हणून ज्यांना अजून सहा महिने वर्ष बाकी आहे त्यांना हात जोडून सांगतो, बँकेत लागा नाहीतर शेती करा, पण युनिट सोडायच्या आधी बायकोचं नाव, पोरांची नावं, जन्मतारखा आधारशी अक्षर न् अक्षर जुळवून बघा आणि फरक असेल तर तिथंच पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंदीतल्या बदलाचा युनिटचा हुकूम, करून घ्या. युनिटमधे क्लार्क शेजारच्या खोलीत असतो. बाहेर आल्यावर तेच काम टपालाने होतं, आणि आपण गेल्यावर ते त्या बाईला एकटीला करावं लागतं.

त्या दिवशी रात्री घरी येऊन मी माझे कागद काढले. बायकोच्या नावात एका वेलांटीमुळं इंग्रजी स्पेलिंगमधे एका अक्षराचा फरक निघाला. तिला दाखवलं, म्हणाली, असू दे, कळतंय की मीच आहे ते. सोमवारी अर्ज पाठवला, जॉइंट फोटो जोडून.