नाताळचा अर्थ, विचारलंत म्हणून

दर डिसेंबरात कुणी ना कुणी विचारतंच. "झाड, तारे, सांता हे सगळं राहू द्या. तुम्हा ख्रिस्ती लोकांसाठी नाताळचा खरा अर्थ काय?" मी तोंड उघडायच्या आत पुढचा प्रश्नही येतो, "पण २५ डिसेंबर बायबलमध्ये कुठेच नाही ना?"

नाही. आम्हालाही ते ठाऊक आहे. येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी लूक आणि मत्तय जन्माची हकिगत सांगतात, तारीख सांगत नाहीत. मार्क आणि योहान हकिगतही सांगत नाहीत. रोममध्ये हा दिवस पाळल्याची नोंद ३५४ सालच्या एका पंचांगात सापडते. आर्मेनियन चर्च आजही ६ जानेवारीला जन्म साजरा करतं. जन्मतारखेची नोंद हरवली म्हणून तो माणूस जन्मलाच नाही, असं आपण कुणाबद्दल म्हणत नाही. तो विषय इथेच सोडतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला लहानपणापासून पाठ होतं. येशू आपल्या पापांसाठी मरायला जन्मला. उत्तर खरं आहे, मी आजही ते मानतो. पण ते देताना, बाळ येशूला ठेवलं त्या गव्हाणीपाशी माझा जीव कधी अडला नाही. जन्म म्हणजे क्रुसाच्या वाटेवरचं पहिलं पाऊल, पुढे चला. बाबांनी तसंच शिकवलं होतं.

मग बाबा अंथरुणाला खिळले. त्या वर्षी नाताळच्या आदल्या रात्री घरचे सगळे उपासनेला गेले आणि मी त्यांच्यापाशी थांबलो. त्यांना लूकचा दुसरा अध्याय ऐकायचा होता. दोन-चार ओळी वाचल्या असतील, तोच वास आला. बायबल बाजूला ठेवलं. त्यांना कुशीवर वळवलं, खालचं कापड ओढून काढलं, कोमट पाण्यात फडकं बुडवून पुसायला लागलो. कातडी इतकी पातळ झाली होती की चोळायची भीती वाटे. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं होतं. जन्मात कुणाकडे पाण्याचा पेलाही न मागितलेला माणूस, सारखा एकच म्हणत होता, "तू नको रे. सकाळी बाई येईल, ती करेल. तू नको." मी काही बोललो नाही. पावडर लावली, कोरडं कापड गुंडाळलं, हात धुतले आणि पुन्हा वाचायला बसलो. तिने त्याला बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवले. त्यापुढे मला वाचवेना.

मी म्हणालो, "बाबा, त्यालाही कुणीतरी असंच पुसलं असणार."

त्यांना धीर येईल असं मला वाटलं होतं. बाबा चिडले. अंगात त्राण नव्हतं, तरी चिडले. "देवाबद्दल असं बोलतात?"

हा राग फार जुना आहे. दुसऱ्या शतकात मार्सियोन नावाच्या शिक्षकालाही देव असा देहात, रक्तामांसात जन्मला हे सहन होत नव्हतं. त्याने लूकचं शुभवर्तमान स्वीकारलं, पण जन्माची कथा वगळून. रोमच्या ख्रिस्ती मंडळीने १४४ साली त्याला बाहेर काढलं. पुढे कार्थेजच्या तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने त्याला उद्देशून लिहिलं, की अरे, तू स्वतः कसा जन्मलास? जन्मणाऱ्या माणसाचाच तिटकारा करतोस, मग कुणावर प्रेम तरी कसं करतोस? बाबा मार्सियोन नव्हते, जन्मावर त्यांचा पूर्ण विश्वास होता. फक्त त्या बाळंत्यात काय असतं, हे त्यांना बघायचं नव्हतं.

मला ते बघावंच लागलं. म्हणून माझ्यापुरता अर्थ असा, की देव मान न धरणारं मूल होऊन आला. त्याला पाजायला कुणीतरी लागलं, कुशीवर वळवायला कुणीतरी लागलं. ज्या अवस्थेची बाबांना मरणाहून जास्त लाज वाटत होती, ती त्याने आपणहून पत्करली. तेव्हा ती अवस्था देवापासून दूर गेलेल्या माणसाची नाही. हे मी समजूत काढायला म्हणत नाही, मी यावर विश्वास ठेवतो.

बाबांनी दुसऱ्या दिवशी मला सोडलं नाही. "नुसता आपल्यासारखा होऊन काय उपयोग? लाचाराशेजारी आणखी एक लाचार. तारण क्रुसावर झालं." मी म्हटलं, लूकच सांगतो की काम सुरू केलं तेव्हा येशू सुमारे ३० वर्षांचा होता. फक्त मरायलाच यायचं होतं, तर इतकी वर्षं सुतारकाम करत कशाला राहिला? बाबा म्हणाले, "वाचायचं तेवढं वाच."

त्यांचा प्रश्न मला आजही सुटलेला नाही. देव लाचार झाला म्हणून बाबांच्या पाठीवरचे बेडसोर भरले नाहीत. ते त्यातच गेले. तरी तुम्ही विचारलंत की मी गव्हाणीपासूनच सुरुवात करणार. बाबा असते तर त्यांनी मला अर्ध्यात तोडून क्रुसापाशी नेलं असतं, आणि आमचा वाद तिथेही चालूच राहिला असता.