लंबवर्तुळाची टोके

शाळेच्या स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला तेव्हा माझ्यासमोर फ्रेंच तत्त्वज्ञ मॉरिस मेर्लो-पाँती यांचा चित्रकार सेझानवरचा १९४५ सालचा निबंध उघडा होता. तो फ्रेंचमधून मराठीत आणताना मी एका वाक्यापाशी थांबले होते. कप बाजूने पाहिला तर त्याचा काठ लंबवर्तुळ दिसायला हवा. सेझान मात्र त्याची दोन्ही टोके फुगवतो, एवढेच ते वाक्य. शब्द सोपे होते. पण मला एकदम आपला चित्रकलेचा वर्ग दिसला.

एलिमेंटरीच्या तयारीला सर स्टुलावर पितळी तांब्या ठेवत. आम्ही काठाची टोके बदामासारखी टोकदार काढायचो. सर मागून येऊन म्हणायचे, "अगं, काठ तिथे संपत नाही, मागे वळतो. वळू दे त्याला." बुडाचे लंबवर्तुळही ते न दिसणाऱ्या बाजूसकट पूर्ण काढून घेत, आणि मगच मागची रेघ खोडू देत. खोडली तरी ती जराशी उरायचीच. वस्तू एकमेकींना झाकतात आणि म्हणूनच प्रत्येक आपापल्या जागी असते, असे मेर्लो-पाँती नंतरच्या एका निबंधात, 'डोळा आणि मन'मध्ये, लिहितात. मला ते तांब्यापाशीच कळले होते, फक्त तेव्हा शब्द नव्हते.

एका स्थिरचित्राला सेझानला शंभर बैठका लागत, हे सेझानवरच्या निबंधाचे पहिलेच वाक्य. फ्रेंचमध्ये या प्रकाराला 'मेलेला निसर्ग' म्हणतात. शंभर दिवस ज्याच्याकडे पाहायचे त्याला मेलेले कसे म्हणावे? आपल्या वर्गातला 'वस्तुचित्र' हा शब्द मला जास्त खरा वाटतो.

'डोळा आणि मन' हा मेर्लो-पाँती यांचा शेवटचा मोठा निबंध. १९६० च्या उन्हाळ्यात, सेझानने पुन्हापुन्हा रंगवलेल्या सेंत-व्हिक्त्वार डोंगराजवळच्या ल तोलोने गावी त्यांनी तो लिहिला. पुढच्या मे महिन्यात ते गेले. विज्ञान वस्तू हाताळते आणि त्यांच्यात 'आबिते' करायचे सोडून देते, अशी त्याची सुरुवात आहे. कोशात अर्थ होता 'राहणे'. पंधरा दिवस मी तोच ठेवला होता. मग मराठीच्या बाई आठवल्या: धर्मशाळेत माणूस राहतो, घरात नांदतो. चित्रकार वस्तूंत नांदतो! त्या दिवशी मला फार आनंद झाला.

त्याच निबंधात जग देहाच्याच 'एतॉफ'चे बनले आहे, असे येते. एतॉफ म्हणजे कापड. दर जूनमध्ये शाळेच्या भांडारात निळा तागा यायचा आणि वर्गातल्या सगळ्या मुलींचे स्कर्ट त्यातूनच फाडले जायचे. म्हणून माझ्या मराठीत देह आणि जग 'एकाच ताग्यातले' आहेत.

एक शब्द मात्र अजून अडला आहे, 'शेर'. फ्रेंच माणूस जिवंत अंगाच्या मांसाला शेर म्हणतो; ताटातल्या मांसाला त्याच्याकडे वेगळा शब्द आहे. आपल्याकडे दोन्हींना मांसच. 'देह' म्हटले की त्यामागून लगेच आत्मा येतो, 'कातडी' म्हटले तर सगळे वरवरचे होते. आमच्या तुकडीतल्या कुणाला आजीच्या तोंडचा एखादा शब्द आठवला, तर मला जरूर कळवा. हस्तलिखितात मी ती जागा मोकळी ठेवली आहे.

– माजी विद्यार्थिनी, दहावी १९९१