मुंबईत दुर्घटना झाली आणि आपला माणूस तिथं आहे

लातूर, नांदेड, बीड, परभणीकडच्या बहुतेक गावांतलं कोणी ना कोणी मुंबई-ठाण्यात कामाला असतं. त्यामुळे ११ जुलै २००६ चे लोकलमधले स्फोट असोत, २६ नोव्हेंबर २००८ चा हल्ला असो, २९ सप्टेंबर २०१७ ची एल्फिन्स्टन रोडच्या पुलावरची चेंगराचेंगरी असो की १३ मे २०२४ ला घाटकोपरला कोसळलेलं होर्डिंग, टीव्हीवर बातमी आली की इकडच्या घरांत जीव टांगणीला लागतो. मग रातोरात जीप ठरते आणि अख्खी भावकी निघते. माझं म्हणणं स्पष्ट आहे: जीप भरू नका. पहिला तास फोनवर घालवा आणि मग दोघांनीच निघा.

मोठी घटना घडली की नेटवर्क तुंबतं. कॉल लागत नसला तरी साधा एसएमएस बऱ्याचदा पोचतो. हरवलेल्या माणसाच्या नंबरवर घरातल्या एकानंच फोन करावा. वीस जणांनी लावला तर त्याची बॅटरी संपते आणि शेवटचा धागा तुटतो. दुसऱ्या कोणी उचललाच, तर रडारड बाजूला ठेवून तीन गोष्टी विचारा: कुठलं हॉस्पिटल, कुठलं पोलीस ठाणं आणि बोलणारा पोलीस असेल तर त्याचा बक्कल नंबर. लगेच कागदावर लिहा. महापालिकेच्या आपत्ती कक्षाचा नंबर १९१६, तो मुंबईतल्या ओळखीच्या माणसाकडून लावून घ्या. रेल्वेची घटना असेल तर १३९. आपल्या जिल्ह्याच्या १०७७ वरही कळवून ठेवा. जिल्ह्याच्या कक्षानं मुंबईच्या कक्षाला विचारलेलं लवकर हलतं.

जाणाऱ्या दोघांपैकी एक रक्ताचा हवा, म्हणजे आई, बाप किंवा मुलगा-मुलगी. ओळख पटण्यासारखी स्थिती नसेल तर डीएनए घेतात आणि तो याच नात्यांशी नीट जुळतो. भावाचा चालतो, पण दुय्यम. बायकोच्या नमुन्यावरून नवऱ्याची ओळख पटत नाही. जून २०२५ च्या अहमदाबाद विमान अपघातात नातेवाइकांना नमुने देऊन कित्येक दिवस थांबावं लागलं ते याच कामासाठी. दुसरा माणूस बोलका आणि न डगमगणारा असावा. सोबत दोघांचं आणि त्या माणसाचं आधार, रेशनकार्डाची झेरॉक्स, त्याचा ताजा फोटो आणि अंगावरच्या खुणा लिहिलेला कागद ठेवा. त्यात हातावर गोंदलेलं नाव, जुन्या ऑपरेशनचा व्रण, पडलेला दात, करदोटा असं सगळं यावं.

गाडीत बसण्याआधी हॉस्पिटलचं नाव पक्कं करा, कारण इथंच खूप वेळ जातो. मुंबईत भाभा हॉस्पिटलं दोन आहेत, एक वांद्र्याला, एक कुर्ल्याला. ‘शताब्दी’ म्हटलं तर कांदिवलीचंही असतं आणि गोवंडीचंही. लोक ‘सायन’ म्हणतात, त्याचं नाव लोकमान्य टिळक रुग्णालय. परळचं केईएम आणि सायन यांसाठी दादरला उतरा, राजावाडीला घाटकोपर, जे. जे.ला भायखळा, नायरला मुंबई सेंट्रल. सेंट जॉर्ज सीएसएमटीला लागूनच आहे. देवगिरी किंवा नंदीग्राम एक्सप्रेसनं गेलात तर शेवटपर्यंत न जाता कल्याण, ठाणे, दादर यांपैकी सोयीचं स्टेशन आधीच ठरवा.

हॉस्पिटलात पोचलात की अपघात विभागाचं एमएलसी रजिस्टर, म्हणजे पोलीस केस असलेल्या रुग्णांची नोंदवही, पाहायला सांगा. नावानं सापडलं नाही म्हणून लगेच दुसरीकडे पळू नका. बेशुद्ध आलेल्याची नोंद ‘अनोळखी पुरुष, अंदाजे वय ३५’ अशी असते. दाखल झाल्याची वेळ आणि वय यावरून शोधायला लावा. जखमी एकाच हॉस्पिटलात येत नाहीत. जो ज्या टॅक्सीत बसला तो तिकडे जातो, आणि तिथून दुसरीकडेही हलवतात. म्हणून ‘ट्रान्सफर’च्या नोंदी वेगळ्या विचारा. शवागाराकडे जायची वेळ आली तर आधी फोटो दाखवायला सांगा. एल्फिन्स्टनच्या वेळी केईएममध्ये क्रमांक घालून फोटो लावले होते. त्यावर टीका खूप झाली, पण एकेक चादर उचलून पाहण्यापेक्षा नातेवाइकांसाठी फोटो बरे, असं मला वाटतं. आणि आईला आत नेऊ नका.

आता कागद. मृत्यू झाला असेल तर पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, मुंबईत त्याला एडीआर म्हणतात. मग पंचनामा, शवविच्छेदन आणि ताबा. त्या घाईत एका ओळीकडे दुर्लक्ष होतं, ती म्हणजे मयताचं नाव. आपल्याकडचा व्यंकट तिकडे ‘वेंकट’ होतो. इंग्रजीत आधारवर व्ही-वाय-ए-एन असतं आणि कागदावर व्ही-ई-एन पडतं. तालुक्याचं नाव चुकतं, बापाचं नाव राहून जातं. सही करण्याआधी आधारकार्ड समोर ठेवून एकेक अक्षर जुळवा. मृत्यूची नोंद जिथं मृत्यू झाला तिथंच होते, गावच्या ग्रामपंचायतीत नाही. त्यामुळे एका अक्षराच्या दुरुस्तीसाठी उदगीर-देगलूरहून पुन्हा मुंबईच्या वॉर्ड ऑफिसात खेटे घालावे लागतात. दाखल्याच्या चार-पाच प्रती एकदमच मागा.

रेल्वेत घडलं असेल तर खिशातला पास किंवा तिकीट पंचनाम्यात लिहिलंय का ते बघा. तिकीट मोबाइलमध्ये असेल तर तसा उल्लेख करायला सांगा, कारण मोबाइल पोलिसांकडे जमा होतो. लोकलमधून पडणं, गाडीतला किंवा स्टेशनातला स्फोट, अशा मृत्यूसाठी रेल्वे दावा न्यायाधिकरणात ८ लाखांचा दावा करता येतो, मुदत एक वर्ष. तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून प्रवासी नव्हता असं धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सांगितलंय. रूळ ओलांडताना गेलेल्याला मात्र हे लागू होत नाही.

सरकारी मदतीच्या कागदांसाठी मुंबईत दोन जिल्हे आहेत हे ध्यानात ठेवा. दादर-परळ मुंबई शहरात येतं, त्याचं जिल्हाधिकारी कार्यालय फोर्टला. कुर्ला-घाटकोपर उपनगरात, ते कार्यालय वांद्रे पूर्वेला. घटना कुठं घडली त्यावर कार्यालय ठरतं.

१०८ ची गाडी मृतदेह नेत नाही. खासगी गाडी ठरवताना टोल, परतीचं डिझेल, चालकाचा मुक्काम धरून एकच आकडा कागदावर घ्या आणि सगळे पैसे आधी देऊ नका. फ्रीजर पेटी चालू करायला लावून हात घालून बघा. उन्हाळ्यात दहा-बारा तासांच्या वाटेत ती बंद पडली तर काय होतं ते सांगायला नको. जालना-संभाजीनगरकडे समृद्धीवरून जाता येतं, लातूरला पुणे-सोलापूर रस्त्यानं टेंभुर्णी, बार्शीवरून.

दहावं-तेराव्याच्या धावपळीत दोन मुदती हमखास निसटतात. मयताच्या बँक पासबुकात मे-जूनच्या सुमारास २० रुपये कापलेले दिसले तर तो प्रधानमंत्री सुरक्षा विमा असू शकतो, २ लाखांचा. बँकेत ३० दिवसांच्या आत दावा टाका. आणि त्याच्या नावावर किंवा घरात सातबारा असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून २ लाख मिळू शकतात. माणूस मुंबईत कामाला होता म्हणून सोडून देऊ नका. खातेदार आणि कुटुंबातला आणखी एक जण, वय १० ते ७५, एवढं त्यात बसतं. प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, तोही ३० दिवसांत. मुंबईहून शवविच्छेदन अहवाल यायला उशीर लागत असेल तर पंचनामा आणि एडीआर क्रमांक जोडून अर्ज आधी दाखल करा, पोच घ्या आणि अहवाल आला की नेऊन द्या.