पासवर्ड बरोबर, तरी लॉगिन नाही

जळगाव एमआयडीसीतल्या एका डाळ मिलचं ऑफिस. बावीस मशीन, एक विंडोज सर्व्हर. रात्री लाइट जाऊन आली की सकाळी फोन ठरलेला: "भाऊ, डोमेनच सापडत नाही म्हणतंय." डोमेन म्हणजे सगळ्या मशीनची लॉगिनं सर्व्हरवरून एकत्र सांभाळणारी व्यवस्था.

गोंधळात टाकणारी गोष्ट अशी की जुने लोक आत जात होते आणि नवा क्लार्क तेवढा बाहेर. खापर पासवर्डवर फुटलं, मी तो दोनदा रीसेटही केला. पण डोमेन सापडलं नाही तर विंडोज त्या मशीनवर आधी येऊन गेलेल्यांना साठवलेल्या माहितीवर आत घेतं; मूळ सेटिंगमध्ये शेवटचे १० जण. नव्याची नोंदच नाही, तर घेणार कुठून? जुनेसुद्धा शेअर फोल्डर उघडायला गेले की अडकत होतेच.

सर्व्हरच्या आयपीला (नेटवर्कवरच्या पत्त्याला) पिंग, म्हणजे मशीन उत्तर देतं का ही चाचणी, व्यवस्थित जात होता. त्यावर विसंबू नका. लॉगिनच्या वेळी मशीन डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेला विचारतं, या डोमेनचा कंट्रोलर (लॉगिन तपासणारा सर्व्हर) कोण? ते उत्तर डीएनएसच्या एसआरव्ही नोंदीत असतं: कोणती सेवा कोणत्या सर्व्हरवर. म्हणून तोच प्रश्न हाताने विचारला:

एनएसलुकअप -टाइप=एसआरव्ही _एलडॅप._टीसीपी.डीसी._एमएसडीसीएस.कारखाना.लोकल

उत्तर आलं, असं नावच नाही. आयपीकॉन्फिग /ऑल मध्ये डीएनएसच्या जागी १९२.१६८.१.१ (राउटर) आणि ८.८.८.८ (गूगलचा डीएनएस), सर्व्हर तर १९२.१६८.१.१० वर. इंटरनेटवाल्यांनी राउटर बदलला तेव्हा त्याचा डीएचसीपी, म्हणजे मशीनना आयपी आणि डीएनएसचे पत्ते वाटणारी सेवा, चालूच राहिला होता. लाइट आली की राउटर मिनिटभरात उठायचा, सर्व्हरला सात-आठ मिनिटं लागायची. तोवर मशीननी राउटरकडून पत्ते घेऊन टाकलेले.

राउटरचा डीएचसीपी बंद केला. सर्व्हरच्या डीएचसीपीत डीएनएस म्हणून फक्त १९२.१६८.१.१० ठेवला. "नेट बंद पडू नये म्हणून ८.८.८.८ दुसरा राहू द्या" हा आग्रह सगळीकडे होतो, मानू नका. पहिला वेळेत बोलला नाही की विंडोज दुसऱ्याकडे जातं, आणि दुसरा 'असं नाव नाही' म्हणाला की ते पक्कं उत्तर धरतं. बाहेरची नावं सोडवायला ८.८.८.८ सर्व्हरच्या फॉरवर्डरमध्ये (स्वतःला माहीत नसलेली नावं सर्व्हर ज्याला विचारतो त्या यादीत) टाकायचा. मग प्रत्येक मशीनवर आयपीकॉन्फिग /रिलीज, /रिन्यू, /फ्लशडीएनएस: जुना पत्ता सोडा, नवा घ्या, साठवलेली डीएनएस उत्तरं पुसा. सर्व्हरवर एसआरव्ही नोंदी नसतील तर नेटलॉगॉन सेवा बंद करून चालू केली की त्या पुन्हा लिहिल्या जातात. इथे त्या होत्या. शेवटी एनएलटेस्ट /डीएसगेटडीसी:कारखाना.लोकल ने सर्व्हरचं नाव दिलं, आणि क्लार्क आत.

एक मशीन तरी हट्टाला पेटलेलं. लॉगिन होई, पण नेटवर्क ड्राइव्ह लागेना. एनएसलुकअप .१० सांगे, पिंग मात्र त्याच नावाला .५ वर जाई. एनएसलुकअप होस्ट्स फाइल (मशीनवरचीच नाव-पत्त्यांची यादी) बघत नाही, पिंग बघतो. कुणीतरी कधीकाळी जुन्या सर्व्हरचा पत्ता त्या फाइलीत लिहून ठेवला होता. ती ओळ काढली, ड्राइव्ह लागला.