हरणाला कितवा नंबर द्यायचा?

गुरुवार, रात्रीचे साडेअकरा

ड्राफ्टची यादी, म्हणजे नव्या खेळाडूंतून कोणाला आधी घ्यायचं त्याचा क्रम, शनिवारी दुपारी बारापर्यंत पाठवायची आहे. क्वार्टरबॅक झाले, रिसिव्हर झाले, किकर तर चहा उकळेपर्यंत उरकले. घोडं अडलंय ते डिफेन्सिव्ह एंडपाशी. गेले तीन दिवस भांडी आवरली की लॅपटॉप उघडते, नऊ नावं वरखाली करते आणि झोपायच्या वेळी पुन्हा जवळपास कालच्याच क्रमावर येऊन थांबते.

ज्यांना माझं हे खूळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमची लीग खोटी आहे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची, पण कॉम्प्युटरमधली. फ्रंट ऑफिस फुटबॉल नावाचा गेम आहे, जिम गिंडिन या माणसाने बनवलेला, १९९८ पासूनचा. त्यात धावणारी माणसं दिसत नाहीत, जॉयस्टिक नाही, आरडाओरडा नाही. आकडे आणि खेळाडूंचे गुण दाखवणाऱ्या रंगीत पट्ट्या, बस. ३२ संघ, ३२ हाडामांसाचे मालक. आम्ही खेळाडू निवडायचे, पगार ठरवायचे, डावपेच भरून द्यायचे, सामना मशीन खेळतं. नवी पोरंही मशीनच जन्माला घालतं. नवरा याला 'फुटबॉलचं टॅली' म्हणतो. म्हणू दे.

एंड म्हणजे कोण? कबड्डीतला कोपरा आठवा. बचावाच्या ओळीच्या अगदी कडेला उभा असतो. समोर त्याला अडवणारा सव्वातीनशे पौंडांचा टॅकल. त्याला वळसा घालून, त्याच्या हाताखालून किंवा सरळ त्याला मागे रेटून क्वार्टरबॅकपर्यंत, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यापर्यंत, पोचायचं आणि चेंडू हातातून सुटायच्या आत त्याला पाडायचं. तो सॅक. वेळ मिळतो अडीच-तीन सेकंद. वर कडही राखायची, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा बाहेरून निसटता कामा नये. लोक सॅक मोजतात. कड राखणं कोणी मोजत नाही.

आमचा डावा एंड आता ३३ वर्षांचा झाला आणि त्याच्या पट्ट्या पावसाळ्यानंतरच्या ओढ्यासारख्या आटत चालल्यात. आमचा पिक, म्हणजे ड्राफ्टमध्ये निवडायची पाळी, अकरावा. हा नंबर निघाला तेव्हा मी खुर्चीतून उठून नाचले होते. कारण २००२ मध्ये आमच्या इंडियानापोलिस कोल्ट्सने ड्वाइट फ्रीनीला घेतलं ते अकराव्या नंबरावर. २००५ मध्ये डीमार्कस वेअर गेला अकराव्या नंबरावर. २०११ मध्ये जे. जे. वॉट, तोही अकरावाच. तिघेही क्वार्टरबॅकांची झोप उडवणारे. यात तर्क शून्य आहे हे मला कळतं. पण सांगलीत वाढलेल्या बाईला नारळ फोडल्याशिवाय पहिलं चाक फिरवता येत नाही, तसं हे.

तर नऊजण. मशीनने दिलेली नावं माझ्या लक्षात राहत नाहीत, म्हणून मी त्यांना आपली नावं ठेवलीत. पैलवान: २८४ पौंड, ताकदीची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेली. मास्तर: पळण्यात बेताचा, पण तंत्र घोटलेलं, समोरचा काय करणार हे आधी ओळखतो आणि 'किती टक्के तयार' या रकान्यात सगळ्यांत वर. हरीण: चाळीस यार्ड ४.५० सेकंदांत, तंत्राची पट्टी जवळपास रिकामी, पण पुढे कुठवर जाईल ते दाखवणारा फिका रंग मात्र पार शेवटपर्यंत. त्याखाली उंट, बिचारा आणि आणखी चौघे, ज्यांच्यावर शाई खर्च करण्यात अर्थ नाही.

पहिला कोण, हा प्रश्नच नाही. पहिला पैलवान आहे, ते मला कळतं आणि उरलेल्या ३१ जणांनाही कळतं. तो अकरापर्यंत टिकायचा नाही. शनिवारी दुपारी लेकीची पोहण्याची स्पर्धा आहे, म्हणून मी ड्राफ्टला हजर नसेन. मशीन माझ्या यादीतून उरलेल्यांपैकी सगळ्यांत वरचं नाव उचलणार. त्या यादीत एक कॉर्नरबॅक, म्हणजे समोरच्या रिसिव्हरला रोखणारा, आहे, चांगला, बिनघोर, दहा वर्षं मुकाट्याने काम करील असा. म्हणजे तो कॉर्नरबॅक ही माझी रेघ. रेघेच्या वर कोणते एंड आणि खाली कोणते, एवढंच ठरवायचंय. मास्तर वर. हरीण?

हरीण म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो, कारण दोन वर्षांपूर्वी असाच एक पळणारा मी आठव्या पिकला घेतला होता. दोन मोसमांत तीन सॅक. लीगमधल्या एकाने त्याला 'एक्स्प्रेस' नाव दिलं होतं, स्टेशनावर न थांबता जाते म्हणून. क्वार्टरबॅकच्या मागून निघून जायचा.

हा रोग खऱ्या एनएफएलला, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगलाही, जुनाच आहे, हीच काय ती सांत्वना. १९९५ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सने माइक मामुलासाठी टँपा बेशी सौदा करून सातवा नंबर मिळवला, कारण चाचण्यांत त्याने सगळ्यांचे डोळे दिपवले होते. टँपाने मागे सरकून बाराव्या नंबरावर वॉरन सॅप घेतला आणि तो पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. २००८ मध्ये न्यूयॉर्क जेट्सने सहाव्या नंबरावर व्हर्नन गोल्स्टन घेतला, अंग असं की शिल्पकाराने घडवावं. जेट्सकडे तीन मोसम खेळला आणि सॅक एकही नाही. शून्य. आणि याच्या उलट टेरेल सग्ज. कॉलेजात २००२ च्या एका मोसमात २४ सॅक, पण ड्राफ्टआधी घड्याळ लावून पळवला तर मंद. मग तो दहाव्या नंबरापर्यंत खाली आला, बाल्टिमोरने उचलला आणि पहिल्याच वर्षी त्याने १२ सॅक काढले. कारकीर्दीत १३९.

एंड चाळीस यार्ड पळतो कधी? सामन्यात एकदा, फार तर दोनदा. जाणकार पहिल्या दहा यार्डांचा वेळ बघतात. आणि तीन शंकूंभोवती वळायची ती चाचणी, कारण कडेने वळताना कंबर किती लवते ते तिथे दिसतं. आमच्या पडद्यावर मात्र चाळीसचाच आकडा ठळक. तो बघायचा नाही असं ठरवून बघितलं, तर आणखी ठळक दिसतो.

झोपते आता.

शुक्रवार, रात्र

बाबा महिन्यापूर्वी सांगलीहून आलेत. कोलंबसमध्ये त्यांना परकं वाटत नाही. कमिन्स या इंजिनांच्या कंपनीमुळे या इंडियानातल्या छोट्या गावात पुण्याची इतकी माणसं, की किराणा दुकानात कोपऱ्याकोपऱ्यावर मराठी ऐकू येतं. पण बाहेर बर्फ, त्यामुळे फिरणं बंद. हायस्कूलवर ३४ वर्षं शिकवलेला माणूस, रिकामा बसवत नाही. आज सकाळी मी एंडांचा तक्ता छापून टेबलावर ठेवला होता. ऑफिसातून येते तर बाबा चष्मा लावून तो तपासत बसलेले, हातात लाल पेन.

"हे काय, पोलीस भरती आहे का?" म्हणाले. "उंची, वजन, धाव. छाती फुगवून किती ते राहिलं."

मी म्हटलं, "बाबा, जवळजवळ तसंच. इथून तासाभरावर इंडियानापोलिस आहे ना, तिथे १९८७ पासून, एखादं वर्ष सोडलं तर, दर वर्षी ड्राफ्टआधी खरी भरती होते. हाताची लांबीसुद्धा मोजतात, पाव इंच, अष्टमांश इंचापर्यंत."

"हात कशाला?"

हात लांब असला तर समोरच्याच्या छातीला तुम्ही आधी भिडता, तो तुम्हाला धरू शकत नाही, हे मी दारात उभं राहून त्यांना प्रात्यक्षिकासह दाखवलं. मग २०२२ ची गोष्ट सांगितली. ट्रॅव्हॉन वॉकर, वजन २७२ पौंड, साडेपस्तीस इंची हात, चाळीस यार्ड ४.५१ सेकंदांत, पण कॉलेजच्या शेवटच्या वर्षात सॅक सहाच. दुसरा एडन हचिन्सन, हात जेमतेम सव्वाबत्तीस इंचांच्या आत, पण त्याच वर्षी १४ सॅक. जॅक्सनव्हिलने पहिल्या नंबरावर वॉकर घेतला. हचिन्सन दुसरा, डेट्रॉइटकडे. पहिल्या वर्षी वॉकरचे साडेतीन सॅक, हचिन्सनचे साडेनऊ.

"म्हणजे फसले."

"तेच तर बाबा, पूर्ण फसले नाहीत. तिसऱ्या वर्षापर्यंत वॉकर दहा-दहा सॅक काढायला लागला होता."

बाबा गप्प झाले. त्यांना उदाहरणं एका बाजूला झुकणारी आवडतात, वर्गात शिकवायला सोपी पडतात. मलाही आवडली असती.

बाबा स्वतः कधी कुस्ती खेळले नाहीत, पण हिंदकेसरी मारुती माने यांचं कवठेपिरान आमच्या गावापासून फार लांब नाही, आणि जत्रेचं मैदान चुकवलेला माणूस आमच्या घरात जन्मलेला नाही. त्यांनी तक्त्यावर चहाचा कप ठेवला, नेमका धावेच्या रकान्यावर. मुद्दाम की सहज, देव जाणे. म्हणाले, "हे झाकून सांग. यातला खाली कोण बसतो?"

हा प्रश्न इथला कोचही विचारतो, फक्त तो 'पॅड लेव्हल' म्हणतो. ज्याचे खांदे खाली, त्याचं जोर लावण्यात पारडं जड. फ्रीनी एंडांच्या मानाने बुटका होता, सहा फूट एक इंच, आणि तेच त्याचं भांडवल झालं. टॅकलला त्याच्या खाली शिरताच यायचं नाही. बाहेरून धडकल्यासारखं करून तो गर्रकन आत फिरायचा. पहिल्याच मोसमात १३ सॅक. मी हे सांगताना स्वयंपाकघरात फिरून दाखवलं आणि डाळीचं झाकण पाडलं.

पण आमच्या गेममध्ये 'खाली बसणं' नावाची पट्टी नाही. तसं सांगितल्यावर बाबा म्हणाले, "बरं, मग दम कुणाला आहे? पहिल्या मिनिटाला सगळेच वाघ असतात गं. पाचव्या मिनिटाला उभा कोण, ते बघायचं."

दमाची पट्टी आहे! एन्ड्युरन्स. सहा पट्ट्यांत सगळ्यांत खाली असते, आणि खरं सांगते, इतक्या मोसमांत मी तिच्याकडे धड बघितलेलं नाही. एंड सामन्यात आलटूनपालटून खेळवतात त्याचं कारणच हे, चौथ्या क्वार्टरला पाय शिशाचे होतात. मी उभ्या उभ्या लॅपटॉप उघडला. पैलवान: पट्टी निम्म्याहून कमी. मास्तर: बरी. बिचारा: उत्तम, पण बाकी सगळ्यात गरीब. आणि हरीण: काठोकाठ.

बाबांनी कप उचलला. "कोण निघाला?"

मी म्हटलं, "तोच, पळणारा."

"मग घे की."

इथे मला शंका यायला लागली. धाव झाकून बघायला गेलो आणि दुसऱ्या दाराने तोच आत आला. की मीच त्याला दार उघडून दिलं? दमाची पट्टी हरणाची रिकामी निघाली असती, तर मी 'दमाचं एवढं काय' म्हणून लॅपटॉप मिटला असता, हे मला स्वतःबद्दल माहीत आहे. शिवाय या पट्ट्या म्हणजे काही सत्य नव्हे, आमच्या स्काउटला, म्हणजे खेळाडू हेरणाऱ्याला, धुक्यातून जे दिसलं ते. दुसऱ्या संघाच्या स्काउटला तोच मुलगा वेगळा दिसतो. आणि हरणाचा चंचलपणाचा आकडा ८१ आहे. म्हणजे शिखर गाठील नाहीतर दरीत जाईल, मधल्या वाटेवर क्वचितच थांबेल.

जेवताना बाबांनी विचारलं, "ही पोरं कुठली? आईबाप काय करतात?"

"बाबा, ती नाहीतच. मशीनने बनवलेली आहेत."

"नाहीतच?" त्यांनी घास खाली ठेवला. "मग तू इतका जीव का काढतेयस?"

नवरा आमटी वाढून घेत होता. तो इतका हसला की आमटी टेबलावर.

रात्री पुन्हा बसले. यावेळी पळणाऱ्यांचं सोडून उशिरा सापडलेल्यांचं वाचत बसले, कारण त्यात मन रमतं. २०१९ मध्ये रेडर्सनी चौथ्या नंबरावर क्लेलिन फेरेल घेतला, नावाजलेल्या क्लेमसनचा. त्याच ड्राफ्टमध्ये त्याच संघाने १०६ व्या नंबरावर, चौथ्या राउंडला, ईस्टर्न मिशिगनचा मॅक्स क्रॉस्बी घेतला. पहिल्या वर्षी फेरेलचे साडेचार, क्रॉस्बीचे दहा. एकच ऑफिस, तेच स्काउट, तोच आठवडा. डीकन जोन्सची तर आणखी गंमत. १९६१ मध्ये तो चौदाव्या राउंडला गेला. 'सॅक' हा शब्द रूढ केल्याचं श्रेय त्याला देतात, पण एनएफएलने सॅक अधिकृतपणे मोजायला सुरुवात केली १९८२ मध्ये, तोवर तो निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती.

हे वाचून बिचाऱ्याला सातव्यावरून पाचव्यावर आणला. उंट खाली. उंटाबद्दल कोणाला वाईट वाटायचं कारण नाही.

बारा पस्तीसला यादी पाठवली. पैलवान, मास्तर, कॉर्नरबॅक, मग हरीण. रेघेच्या खाली. आठव्या पिकच्या त्या एक्स्प्रेसची शपथ.

शनिवार, दुपार

पोहण्याच्या तलावाबाहेर गाडीत बसून लिहितेय. लेक वॉर्मअपला आत गेली. नवरा तिच्यासोबत. बाबांना आतली दमट हवा सोसत नाही, म्हणून ते माझ्या शेजारी, कानटोपी घालून, गुडघ्यावर तो छापलेला तक्ता. घरून निघताना त्यांनीच उचलून आणला. धावेच्या रकान्यावर चहाचं गोल वर्तुळ वाळलंय, आत हरणाचे ४.५० अजून वाचता येतात.

बाराला सात मिनिटं होती. यादी बदलायची मुभा बारापर्यंत असते. मी फोनवर ती उघडली, एक नाव एका ओळीने वर सरकवलं आणि पुन्हा पाठवली.

बाबांनी विचारलं, "काय केलंस?"

"काही नाही, मेल बघत होते."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. ३४ वर्षं वर्गात कॉपी पकडलेली नजर ती.

"कितवा केलास?"

मी हीटर वाढवला.