‘तेटे’वर तबला का लावत नाहीत

अकरावीच्या रसायनशास्त्रात अनिश्चिततेचं तत्त्व (कणाची जागा आणि वेग दोन्ही एकाच वेळी नेमके ठरत नाहीत) शिकून आलेल्या मुलांना एक वाक्य पाठ असतं: इलेक्ट्रॉन बघायला गेलं की त्याला धक्का बसतो, म्हणून त्याचा वेग कळत नाही. 1927 मध्ये हे तत्त्व मांडणाऱ्या हायझेनबर्गनेच गॅमा किरणांच्या काल्पनिक सूक्ष्मदर्शकाचा दाखला दिला होता, तेव्हापासून हा धक्का चिकटलाय. मी मात्र आधी फळ्यावर लाटा काढते.

दहा मीटरच्या पट्ट्यात दहा लाटा बसल्या, तर तरंगलांबी एक मीटर. पण कडेची लाट अर्धवट असेल तर दहा म्हणायच्या की साडेदहा? घोळ फार तर एखाद्या लाटेचा. शंभर मीटरच्या पट्ट्यातही घोळ तेवढाच, पण तो शंभरात एक. तरंगलांबी पक्की होत गेली, फक्त लाट कुठे आहे विचारलं तर शंभर मीटर पसरलेली. उलट एकच उंचवटा काढला तर जागा बोट ठेवून दाखवता येते. तो उंचवटा घडवायला मात्र लहानमोठ्या असंख्य तरंगलांब्या एकमेकींत मिसळाव्या लागतात, हे फूरियेचं गणित. इथे कुणी कुणाला धक्का मारलेला नाही!

आवाजात जागेऐवजी वेळ येतो आणि तरंगलांबीऐवजी वारंवारता. माझ्या मिरजेच्या तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा लावताना हे कानाला कळतं. दोन तारांत अर्ध्या हर्ट्झचा फरक असेल तर आवाजाची एक चढउतार पुरी व्हायला दोन सेकंद लागतात. मणी केसभर सरकवायचा, तार छेडायची आणि थांबायचं. फरक जितका बारीक, तितकं जास्त वेळ ऐकावं लागतं. घाई करून सूर जुळत नाही. तबलाही ‘ना’वर लावतात, कारण ‘ना’ घुमतो. ‘तेटे’ जागच्या जागी दाबलेला बोल, लयीत अगदी नेमका पडतो. त्यात सूर शोधून सापडत नाही.

मग 1924 मधला भौतिकशास्त्रज्ञ द ब्रॉय्ली येतो: इलेक्ट्रॉनसारख्या कणालाही तरंगलांबी असते, आणि त्याचा संवेग (वस्तुमान गुणिले वेग) म्हणजे प्लँकचा स्थिरांक, निसर्गातला एक ठरलेला इवलासा आकडा, भागिले तरंगलांबी. लाटेचाच हिशेब या स्थिरांकाने गुणला की हायझेनबर्गचं तत्त्व हातात येतं. इलेक्ट्रॉनची जागा 0.1 नॅनोमीटरपर्यंत, म्हणजे साधारण अणूएवढी, ठरली तर त्याच्या वेगातली अनिश्चितता सेकंदाला निदान 580 किलोमीटर. त्याला आणखी आवळावं तर हा आकडा वाढतो, ऊर्जाही वाढते. केंद्रकाच्या ओढीने तो आत कोसळत नाही तो यामुळे.